रायटिंग सेंटरमुळे खरंच फरक पडतो का, हे मोजायचं कसं?

युनिव्हर्सिटीतलं रायटिंग सेंटर म्हणजे काय तर, विद्यार्थी आपला अर्धाकच्चा निबंध नाहीतर थिसिसचं एखादं प्रकरण घेऊन येतो, ट्यूटर शेजारी बसतो (तोही बऱ्याचदा विद्यार्थीच असतो) आणि अर्धा-पाऊण तास दोघं त्या लिखाणावर बोलतात. ट्यूटर लिहून देत नाही, प्रश्न विचारतो. बस्स. पण वर्ष संपलं की पैसे देणारे विचारणारच, याचा उपयोग काय झाला, आकडे दाखवा.

वरवर पाहिलं तर सोप्पं आहे. जे आले त्यांचे मार्क एकीकडे, जे नाही आले त्यांचे दुसरीकडे, सरासरी काढायची, झालं काम. पण सेंटरमध्ये कोण येणार हे आपण कुठे ठरवतो? जो डेडलाइनच्या आठवडाभर आधी ड्राफ्ट लिहून अपॉइंटमेंट घेतो तो मुलगा सेंटर नसतं तरी बऱ्यापैकी मार्क काढणारच होता, मग आकडा सेंटरचा की त्याच्या स्वभावाचा? आणि उलटही होतं, सरांनी "आधी तिकडे जाऊन ये" म्हणून पिटाळलेली मुलं जास्त आली की सरासरी घसरते आणि वाटतं सेंटरनेच वाट लावली. तिसरी भानगड तर दिसतही नाही. पहिल्या असाइनमेंटला फारच कमी मार्क पडले म्हणून घाबरून आलेल्या मुलाचा तो दिवसच वाईट असू शकतो, पुढच्या वेळी मार्क असेही थोडे वर आलेच असते, पण मध्ये सेंटरची फेरी झालेली असते ना, मग श्रेय सेंटरला.

अमेरिकेतले रायटिंग सेंटरचे अभ्यासक नील लर्नर यांनी १९९७ मध्ये असा हिशोब मांडला होता, आणि त्यातल्या त्यात काळजी घेऊन, म्हणजे प्रवेश परीक्षेत भाषेचे मार्क साधारण सारखे असलेल्या मुलांचीच आपसात तुलना करून. मग २००१ मध्ये त्यांनीच दुसरा लेख लिहून स्वतःच्या त्या पद्धतीतल्या चुका काढल्या! मला हा माणूस इथेच आवडला.

खरा उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पाठवायचं आणि निम्म्यांना नाही, पण मदत मागायला आलेल्याला "तू आमच्या प्रयोगात नाहीस, जा" असं कोण सांगणार? मग त्यातल्या त्यात बरी वाट म्हणजे ज्यांनी अपॉइंटमेंट मागितली पण स्लॉट भरल्यामुळे मिळाली नाही त्यांच्याशी तुलना करणं, कारण यायची इच्छा तर दोघांचीही होती.

समजा हे सगळं जमलं, तरी मार्क म्हणजे तरी काय हो? १९६१ मध्ये पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ जणांना वाचायला दिले, त्यात शिक्षक होते, वकील, संपादक, बिझनेसवाले असे सगळे, आणि सांगितलं की १ ते ९ मध्ये ग्रेड द्या. १०१ निबंधांना नऊच्या नऊ ग्रेड मिळाल्या, म्हणजे एकाच निबंधाला कोणीतरी सगळ्यात वरची दिली आणि कोणीतरी सगळ्यात खालची! पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या ग्रेड मिळालेला एकही निबंध नव्हता.

म्हणून आता निकष आधी लिहून ठेवतात, नावं झाकतात, निबंध सेंटरच्या आधीचा की नंतरचा हेही तपासणाऱ्याला कळू देत नाहीत, आणि दोघांकडून तपासून घेतात. यातही फसायला होतं. दोन्ही तपासनीस सवयीने ९० टक्के मुलांना पास करत असतील तर त्यांनी निबंध न वाचता नुसते अंदाजपंचे शेरे मारले तरी ८२ टक्के वेळा त्यांचं एकमत होईल (०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१, करून बघा). तेव्हा "८५ टक्के एकमत" ऐकून टाळ्या वाजवायच्या नसतात, योगायोगाचा वाटा वजा करून काय उरतं ते बघायचं, त्याला कोहेनचा कप्पा (kappa, ग्रीक अक्षर) म्हणतात.

फीडबॅक फॉर्मचं तर बोलूच नका, ट्यूटर समोर बसलेला असताना पाचपैकी पाच न देणारा सापडणं कठीण.

मला सगळ्यात भारी वाटतं ते सेशन रेकॉर्ड करून एकेक वाक्य तपासणं. कोण किती बोललं, ट्यूटरने सरळ सांगून टाकलं की विचारलं, विचारल्यावर थांबला किती. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबायचे, आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबायची. ट्यूटरने तीन सेकंद गप्प बसणं ऐकायला काहीच नाही, करून बघा मग कळतं.

आणि मुळात रायटिंग सेंटरवर लिहिणारे स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्येच म्हटलं होतं की सेंटरचं काम लिखाण सुधारणं नाही, लिहिणारा सुधारणं आहे. म्हणजे आज आणलेल्या निबंधाचे मार्क वाढले की नाही हा मोजमापाचा प्रश्नच चुकला. मग बघायचं ते पुढच्या सत्रात, वेगळ्या विषयाचा निबंध, सेंटरची फेरी नाही, पहिला आणि शेवटचा ड्राफ्ट शेजारी ठेवायचे आणि बघायचं की मुलाने नुसते स्वल्पविराम इकडचे तिकडे केलेत की मधला अख्खा परिच्छेद स्वतःहून उडवलाय.