काळपट रक्त म्हणजे बिघडलेलं रक्त नव्हे

दंडाला पट्टा आवळून कोपराच्या खोबणीतून रक्त काढलं की सिरिंजमध्ये ते गडद, काळपट दिसतं. ते पाहून रक्तशुद्धीच्या काढ्याकडे वळणारे कमी नाहीत. पण शिरेतलं रक्त असंच दिसायला हवं. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. त्यांना ऑक्सिजन चिकटला की रक्त लालभडक होतं, सुटला की काळपट. धमनीत हिमोग्लोबिनच्या 95 ते 100 टक्के जागा भरलेल्या असतात, तर विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात सुमारे 75 टक्के. म्हणजे ते काळपट रक्तही तीन चतुर्थांश भरलेलंच असतं. निळं मात्र ते कधीच नसतं. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात त्या त्वचेतून प्रकाश ज्या रीतीने परततो त्यामुळे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर याच रंगफरकावर चालतो. 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 चा अवरक्त प्रकाश किती शोषला गेला, यावरून तो टक्केवारी काढतो. आणि इथेच तो फसतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू राहिला तर कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो आणि रक्त चेरीसारखं लाल करतो. माणूस गुदमरत असताना यंत्र 98 दाखवू शकतं! अशा वेळी आकड्यावर विसंबू नये. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणून लगेच रुग्णालय गाठावं. डॅप्सोनसारख्या काही औषधांनी किंवा नायट्राइटने उलटं घडतं: लोहाचं रूप बदलून मेथहिमोग्लोबिन तयार होतं, रक्त चॉकलेटी दिसतं आणि हवेत ठेवलं तरी लाल होत नाही. प्रमाण फार वाढलं की ऑक्सिमीटर 85 च्या आसपास अडकून बसतो.

ओठ निळसर पडायला केशवाहिन्यांतल्या दर डेसिलिटर रक्तामागे साधारण 5 ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं. त्यामुळे ज्याचं एकूण हिमोग्लोबिनच 6-7 आहे, त्याचा ऑक्सिजन धोकादायक उतरला तरी ओठ निळे न पडता नुसते पांढरटच दिसू शकतात.

रक्तवाहिनीबाहेर पडलेल्या रक्ताची गोष्ट वेगळी. मुका मार लागला की तिथलं हिमोग्लोबिन पेशी मोडून काढतात. आधी हिरवट बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन. मात्र डागाच्या रंगावरून मार कोणत्या दिवशीचा, हे नेमकं ठरवता येत नाही. पाळीच्या सुरुवातीचं किंवा शेवटचं तपकिरी रक्तही फक्त सावकाश बाहेर आलेलं असतं.

ताज्या रक्ताला येणारा 'लोखंडी' वास खरं तर लोखंडाचा नसतो. लोह चरबीच्या रेणूंना तोडतं आणि त्यातून उडणारी संयुगं नाकाला कळतात. उग्र दुर्गंधी येते ती जिवाणूंनी रक्त कुजवल्यावर.

जठरात ॲसिड लागलं की रक्त कॉफीच्या चोथ्यासारखं होतं. उलटीत ते तसंच दिसतं. तेच आतड्यातून खाली उतरलं तर शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि विशिष्ट उग्र वासाचं होतं. त्यासाठी जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला 50 ते 100 मिलिलिटर रक्तस्राव पुरतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं-हिरवट होतं, पण ते डांबरासारखं चिकटत नाही आणि तो वासही नसतो. त्यासाठी गोळ्या बंद करू नयेत. चिकटपणा आणि वास दोन्ही असतील, त्यातून चक्कर येत असेल किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावं.