सामुदायिक फिल्म स्क्रीनिंग आणि चर्चा

सामुदायिक फिल्म स्क्रीनिंग म्हणजे एखाद्या वस्तीतल्या, संघटनेतल्या, कॉलेजातल्या किंवा एकाच ठिकाणी काम करणाऱ्या लोकांनी एकत्र बसून फिल्म बघायची आणि संपल्यावर घरी न पळता तिच्यातल्या प्रश्नावर बोलायचं. विषय कुठलाही चालतो, घरातली मारहाण, जमिनीचे वाद, वर्णभेद, व्यसन, मानसिक आजार, प्रदूषण. तिकीट बहुतेक वेळा नसतंच आणि हॉल म्हणजे शाळेचा वर्ग, युनियनचं ऑफिस, वाचनालय, नाहीतर भिंतीला लावलेली पांढरी चादर. फिल्म सोसायटीपेक्षा हे जरा वेगळं, तिथे सिनेमा कसा बनवलाय यावर जास्त बोलतात, इथे सिनेमा निमित्त असतो. निमित्त आहे असं सगळेच आयोजक म्हणतात म्हणा, पण मग अडीच तासांची फिल्म लावतात आणि चर्चेला दहा मिनिटं उरतात.

याचा फायदा नेमका कशात आहे तर माणसाला स्वतःबद्दल बोलायला अवघड जातं पण पडद्यावरच्या माणसाबद्दल बोलायला जात नाही. "तिनं तेव्हाच घर सोडायला हवं होतं" असं म्हणणारी बाई कदाचित स्वतःबद्दलच बोलत असते आणि तिला ते उघड करावं लागत नाही. भाषणात ही सोय नाही, भाषण देणारा थेट तुमच्याकडे बघून बोलतो.

कल्पना जुनी आहे. सोव्हिएत दिग्दर्शक अलेक्झांडर मेदवेदकिननं १९३२ मध्ये आख्खी ट्रेनच घेतली, तिच्यात फिल्म धुवायची लॅब, एडिटिंगची सोय, सगळं, आणि कारखान्यात किंवा शेतावर जे चुकतंय ते शूट करून तिथल्याच कामगारांना दाखवायचं आणि आता बोला म्हणायचं. अर्थात सरकारी ट्रेन होती, त्यामुळे कशावर बोलायचं ते बऱ्यापैकी आधीच ठरलेलं. १९५४ मध्ये फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ जाँ रूश यांनी नायजर नदीवरच्या पाणघोड्याच्या शिकारीची फिल्म त्याच शिकाऱ्यांना दाखवली, तर त्यांनी चूक काढली की शिकारीच्या प्रसंगावर हे संगीत कशाला टाकलंय, एवढा आवाज झाला तर पाणघोडा पळून नाही का जाणार. रूशनी संगीत काढून टाकलं. ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना ती आधी दाखवा, हा धडा इतक्या कमी शब्दांत दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

या क्षेत्रात सगळ्यात जास्त सांगितलं जातं ते फोगो बेटाचं उदाहरण, आणि ते सांगण्यासारखं आहेच. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळचं हे बेट, सुमारे ५,००० लोकांची वस्ती, मासेमारी बसलेली, बरेच जण सरकारी मदतीवर, आणि सरकारच्या डोक्यात लोकांना तिथून हलवायचं चाललेलं. नॅशनल फिल्म बोर्ड या कॅनडाच्या सरकारी फिल्म संस्थेचे दिग्दर्शक कॉलिन लो १९६७ मध्ये तिथे गेले. त्यांनी एक मोठी डॉक्युमेंटरी न करता सुमारे २७ छोट्या छोट्या फिल्म केल्या, एका फिल्ममध्ये एकच माणूस किंवा एकच प्रसंग. कारण एकाचं वाक्य, मग त्याला खोडणारं दुसऱ्याचं वाक्य असं कापून जोडलं की पडद्यावर मजा येते पण गावात भांडण लागतं. जो बोललाय त्याला फिल्म आधी दाखवायची, नको असेल ते काढायचं, मगच बाकीच्यांसमोर लावायची. बेटावरच्या वेगवेगळ्या वस्त्या आणि पंथांचे लोक एरवी एकत्र फारसे बसत नव्हते, त्यांनी एकमेकांची गाऱ्हाणी पडद्यावर ऐकली आणि ती आपल्यासारखीच आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे याच फिल्म मंत्र्यांना दाखवल्या आणि मत्स्यव्यवसाय मंत्र्यांचं उत्तरही शूट करून बेटावर परत नेलं! लोक हलले नाहीत, मासेमारांची सहकारी संस्था उभी राहिली. हे सगळं फिल्ममुळेच झालं असं मात्र नाही, बेटावर आधीपासून समिती होती, काम करणारी माणसं होती, फिल्मनं त्याला जोर दिला.

अर्जेंटिनात फर्नांडो सोलानास आणि ऑक्तावियो हेतिनो यांची १९६८ ची चार तासांहून मोठी फिल्म लष्करी राजवटीत घरांमध्ये, युनियनमध्ये चोरून दाखवली जायची आणि मध्येच प्रोजेक्टर थांबवून चर्चा करायची जागा फिल्ममध्येच ठेवलेली होती. भारतात १९८० मध्ये सुरू झालेल्या युगांतर या बायकांच्या फिल्म गटानं पुण्यातल्या मोलकरणी आणि निपाणीच्या तंबाखू कामगार यांच्यासोबत फिल्म केल्या.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. तीस-चाळीस मिनिटांची फिल्म असेल तर लोकांत बोलायला दम उरतो. चित्र थोडं फिकं असलं तरी लोक चालवून घेतात पण आवाज कळला नाही की दहाव्या मिनिटाला कुजबुज सुरू, म्हणून प्रोजेक्टरच्या आतल्या बारक्या स्पीकरवर अवलंबून राहू नये. पडदा खाली लावला की सबटायटल पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात, ही चूक जगभर होते आणि दर वेळी नव्यानं होते. भरभर वाचता न येणारे लोक असतील तर कुणीतरी शेजारी उभं राहून सांगत जावं.

क्रेडिट्स सुरू झाले, ट्यूबलाइट लागली, खुर्च्या सरकल्या की निम्मी माणसं दाराकडे बघायला लागतात, कार्यक्रम खरा इथेच जातो किंवा जमतो. फिल्म कशी वाटली असं विचारलं की छान होती एवढंच येतं. त्यापेक्षा कुठला प्रसंग डोक्यात राहिला हे विचारावं, आधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्यावं, मग मोठ्यानं. दिग्दर्शक किंवा तज्ज्ञ आलेले असतील तर त्यांना शेवटी बोलवावं, ते आधी बोलले की बाकीचे फक्त प्रश्न विचारतात, तेही बहुतेक कॅमेऱ्याबद्दल. आणि "प्रश्न नाही, थोडं मत मांडतो" म्हणून माइक घेणारे काका प्रत्येक शहरात, प्रत्येक देशात सापडतात, त्यांच्यासाठी वेळ आधीच ठरवून ठेवावा. अत्याचार, आत्महत्या असे विषय असतील तर सुरुवातीलाच सांगावं, मधेच उठून जाता येईल अशी बसायची रचना ठेवावी आणि नंतर बाजूला घेऊन बोलू शकेल असं जाणतं माणूस हजर असावं, कारण प्रेक्षकांत कुणीतरी ते भोगलेलं असू शकतं.

परवानगीचा मुद्दा बरेच जण विसरतात. घरी बघायला घेतलेली डिस्क किंवा ओटीटीचं सबस्क्रिप्शन म्हणजे लोकांसमोर लावायचा हक्क नव्हे, तो निर्मात्याकडून वेगळा घ्यावा लागतो. छोट्या डॉक्युमेंटरीवाल्यांना नुसता मेल केला तरी ते बरेचदा आनंदानं देतात.

टीका होते ती मुख्यतः ही की येतात ते आधीच पटलेले लोक, सगळे एकमेकांना माना डोलावतात आणि घरी जातात. बऱ्याच ठिकाणी ते खरंच आहे. जिथे पोस्टर लावून वाट बघण्याऐवजी पडदाच उचलून युनियनच्या मीटिंगला, हॉस्टेलवर, वस्तीच्या चौकात नेतात तिथे वेगळं मत असलेली माणसंही सापडतात, चर्चा जरा तापते, आणि तापली तरच काही निघतं असं माझं मत. २०२० नंतर ऑनलाइन स्क्रीनिंगही वाढली. त्यात कॅमेरे बंद ठेवून गप्प बसणारे खूप, पण रात्री घराबाहेर पडू न शकणाऱ्या बाया आणि जिना न चढू शकणारे लोकही त्यातच येतात, आणि हॉलमध्ये हात वर न करणारी माणसं चॅटमध्ये भरभरून लिहितात.