कोवळे ऊन, खिडकी आणि वाती वळणारे हात

हिवाळ्याची चाहूल लागली की दर वर्षी एक संदेश घरोघरच्या मोबाइलवर फिरू लागतो: ज्येष्ठांनी सकाळी सात वाजता कोवळ्या उन्हात वीस मिनिटे बसावे, म्हणजे दिवसभराचे ड जीवनसत्त्व मिळते. आमच्या इमारतीतील अनेक आजी-आजोबा हा नेम श्रद्धेने पाळतात. सल्ला उत्तम आहे, पण त्यामागे दिलेले कारण चुकीचे आहे. आणि कारण चुकीचे असल्यामुळे पावसाळा लागून ऊन दिसेनासे झाले की हीच मंडळी गॅलरीत बसणे सोडून देतात. वास्तविक त्या चार महिन्यांत त्यांना गॅलरीची गरज सर्वांत जास्त असते.

आधी ड जीवनसत्त्वाचा हिशेब मिटवू. आपल्या त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या पदार्थावर साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण पडले, तरच ते जीवनसत्त्व तयार होऊ लागते. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण वातावरणातून तिरपा, लांबचा प्रवास करून येतात आणि वाटेतला ओझोन नेमके हेच किरण जवळजवळ सगळे शोषून घेतो. याची ढोबळ पारख कोणालाही करता येते: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल, तर त्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. खिडकीची काच हे किरण अडवते, आणि सत्तरीच्या त्वचेची ही क्षमता तरुणपणच्या निम्म्याहूनही कमी झालेली असते. म्हणून हा प्रश्न रक्ततपासणीवर आणि डॉक्टरांवर सोपवणे शहाणपणाचे आहे.

मग सकाळच्या उजेडात बसून मिळते काय? त्याचे उत्तर त्वचेत नसून डोळ्यांत आहे, आणि ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच नीट उलगडले आहे.

दृष्टिपटलावर दंडाकार आणि शंक्वाकार अशा दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात, असे आपण शाळेत शिकलो. मात्र या दोन्ही पेशी नष्ट झालेल्या उंदरांनाही दिवस-रात्रीचा फरक कळतो, हे प्रयोगांत दिसले तेव्हा संशोधक कोड्यात पडले. १९९८ साली इग्नासियो प्रोव्हेन्सियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका आफ्रिकी बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींमध्ये मेलॅनॉप्सिन नावाचे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडले. पुढे २००२ साली हे सिद्ध झाले की सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातील काही मोजक्या चेतापेशींमध्येही हेच प्रथिन असते आणि त्या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. त्यांचे मुख्य काम चित्र घडवण्याचे नाही. बाहेर किती उजेड आहे, एवढीच वर्दी त्या मेंदूला देतात. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्यांचा प्रतिसाद सर्वांत तीव्र असतो.

ही वर्दी पोहोचते ती मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या चेता जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर असलेल्या पेशींच्या दोन इवल्याशा पुंजक्यांपर्यंत. दोन्ही मिळून सुमारे २० हजार पेशी, पण शरीराचे मुख्य घड्याळ तेच. या घड्याळातील जनुकांची उघडझाप उलगडल्याबद्दल २०१७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळाले. माणसाचे हे घड्याळ सरासरीने २४ तासांपेक्षा थोडे मोठे, म्हणजे सुमारे २४ तास ११ मिनिटांचे आहे. ते दररोज जुळवून घेतले नाही, तर हळूहळू मागे पडत जाते, आणि ते जुळवण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे प्रकाश.

येथे एक बारकावा आहे आणि तो मला फार मोहवतो. प्रकाशाचा परिणाम तो कोणत्या वेळी मिळाला यावर अवलंबून असतो. झोपाळ्याला झोका देताना वेळ साधली तर गती वाढते आणि वेळ चुकली तर तोच धक्का झोपाळ्याला अडवतो, तसे हे आहे. आपल्या शरीराचे तापमान नेहमीच्या जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सर्वांत कमी असते. त्या क्षणानंतरच्या तासांत मिळालेला प्रकाश घड्याळ पुढे सरकवतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. त्या क्षणाआधीच्या तासांत, म्हणजे संध्याकाळी उशिरा आणि रात्री मिळालेला प्रकाश घड्याळ मागे ढकलतो. रात्री एक वाजेपर्यंत डोळा न लागणाऱ्या आजोबांना सकाळचा उजेड उपयोगी आहे. याउलट आठ वाजताच पेंगणाऱ्या आणि पहाटे तीनला टक्क जाग येणाऱ्या आजींनी भल्या पहाटे दिवे लावून बसणे टाळावे. त्यांनी संध्याकाळचा उजेड सरेपर्यंत गॅलरीत बसावे आणि तिन्हीसांजेनंतरही घरात भरपूर प्रकाश ठेवावा. या दुसऱ्या उपायाला प्रयोगांत प्रत्येक वेळी सारखे यश आलेले नाही, पण त्यामागचे तत्त्व पक्के आहे आणि करून पाहण्यात काही धोका नाही.

वय वाढते तसे या यंत्रणेच्या दारावरच पडदा येतो. डोळ्यांतील भिंग पिवळसर होत जाते आणि पिवळे भिंग अडवते ते नेमक्या निळ्या प्रकाशाला. बाहुलीही लहान होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. त्यात गुडघे दुखतात म्हणून घराबाहेर जाणे कमी झालेले असते. उजेड ‘लक्स’ या एककात मोजतात. दिवाणखान्यात दिवसा १०० ते ३०० लक्स एवढा उजेड असतो. डोळ्यांना तो पुरेसा वाटतो, कारण डोळा जुळवून घेण्यात पटाईत आहे, पण घड्याळाला तो जेमतेम जाणवतो. बाहेर सावलीत मात्र १० हजार लक्स सहज असतात, आणि आषाढातल्या भरून आलेल्या आभाळाखालीसुद्धा बहुधा काही हजार लक्स मिळतात. म्हणून पावसाळ्यात गॅलरी सोडू नये. अतिनील-ब किरणांना अडवणारी काच निळा प्रकाश बहुतांशी आत येऊ देते, त्यामुळे बंद खिडकीशी बसले तरी चालते. मात्र खिडकीपासून तीन-चार मीटर आत सरकले की उजेड दहा पटींनी आणि कधी त्याहूनही जास्त घटतो.

याचा प्रत्यक्ष उपयोग होतो का, हे नेदरलँड्समधील १२ वृद्धनिवासांत तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तेथील १८९ रहिवाशांपैकी बहुतेकांना स्मृतिभ्रंश होता. काही निवासांच्या सामाईक दालनात दिवसभर सुमारे १००० लक्स एवढा प्रकाश ठेवला गेला, तर इतर निवासांत नेहमीचाच प्रकाश होता. उजळ दालनांतील रहिवाशांमध्ये नैराश्याची लक्षणे १९ टक्क्यांनी कमी आढळली आणि बौद्धिक ऱ्हासही ५ टक्क्यांनी कमी दिसला. आजार कोणाचाही बरा झाला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

मेलॅनॉप्सिनच्या पेशी संथ आहेत. त्या उजेड साठवत गेल्यासारखे काम करतात, म्हणून पाच मिनिटांची हजेरी पुरत नाही, अर्धा-पाऊण तास बसावे लागते. रिकाम्या हातांनी इतका वेळ बसवत नाही. माणूस उठून आत येतो आणि दूरदर्शनसमोर बसतो. म्हणूनच हाताला काम हवे, आणि आपल्या घरांत ते बारा महिने आहे. पौषात मटार आणि तुरीच्या शेंगा सोलायच्या असतात, संक्रांतीचे तीळ निवडायचे असतात. चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे, पापड उन्हात घातले की कोणीतरी राखणीला लागतेच. आजींची खुर्ची सावलीत, वाळवणाजवळ ठेवावी. आषाढ-श्रावणात फुलवाती आणि समईच्या वाती वळणे, कापसाची वस्त्रे करणे हे खिडकीशी बसून करण्याचेच काम आहे. भाद्रपदात एकवीस दूर्वांच्या जुड्या, आश्विनात झेंडूच्या माळा, कार्तिकात आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या. ज्या आजोबांना यातले काही रुचत नाही, त्यांनी वर्तमानपत्र आणि शब्दकोडे गॅलरीत न्यावे, कुंड्यांतली माती हलवावी, तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्या. घरातील तरुण मंडळी प्रेमापोटी ‘राहू द्या, आम्ही करतो’ म्हणून हे काम काढून घेतात, तेव्हा हातातल्या कामाबरोबर त्या उजेडातले बसणेही जाते. काम तेच राहू द्यावे, फक्त ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून खिडकीशी आणावे.

एका गोष्टीला मात्र कळकळीने विरोध केला पाहिजे. उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहिल्याने दृष्टी सुधारते, ‘तिसरा डोळा’ जागा होतो, असे दावे करणाऱ्या चित्रफिती ज्येष्ठांपर्यंत पोहोचतात. सूर्याकडे थेट पाहिल्याने दृष्टिपटल भाजते, ते दुखत नाही म्हणून लक्षातही येत नाही, आणि झालेली इजा कायमची ठरू शकते. घड्याळाला सूर्यबिंब नको असते, त्याला आभाळाचा पसरलेला उजेड पुरतो. नजर हातातल्या कापसावर असली तरी काम होते. महागड्या ‘प्रकाशोपचार’ दिव्यांचीही ज्या घराला खिडकी आहे तिथे सहसा गरज नसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकलेली असेल, तर ती करून घेतल्याने दृष्टीबरोबर हा उजेडही परत मिळतो.

राहिला रात्रीचा प्रश्न. पडण्याच्या भीतीने ज्येष्ठांच्या खोलीत झिरोचा दिवा लावलेला असतो आणि अनेक घरांत तो निळा असतो. मेलॅनॉप्सिनला सर्वांत जास्त जाणवणारा रंग तोच. त्याऐवजी लाल किंवा नारिंगी रंगाचा मंद दिवा, पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर, जमिनीलगत लावावा. पाय कुठे पडतो ते त्यात दिसते आणि घड्याळाला त्याची जवळजवळ चाहूल लागत नाही.