अश्लीलतेचा कायदा वेगळा, स्त्रीवाद्यांचा पोर्नविरोधी कायदा वेगळा

पोर्नला विरोध म्हटला की स्त्रीवादी आणि संस्कृतिरक्षक सर्रास एकाच माळेत ओवले जातात. १९८०च्या दशकातल्या अमेरिकेत ते काही काळ खरोखरच एका बाजूला दिसले, त्यामुळे घोळ वाढला. पण दोघांच्या हातातले कायदे निराळे होते.

अश्लीलतेचा कायदा फौजदारी. खटला सरकार भरतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३च्या मिलर निकालातली कसोटी अशी: समाजाच्या प्रचलित निकषांनुसार सरासरी माणसाला ती कृती एकंदरीत वासना चाळवणारी वाटते का, लैंगिक गोष्टी ती उघडउघड किळस येईल अशा दाखवते का, आणि तिला गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य नाही ना. यात कॅमेऱ्यासमोरची बाई कुठेच नाही. आहे ती पाहणाऱ्याची आणि त्याच्या शेजाऱ्यांची लाज.

कायद्याच्या अभ्यासक कॅथरिन मॅकिनन आणि लेखिका अँड्रिया ड्वॉर्किन या स्त्रीवाद्यांनी १९८३मध्ये मिनिआपोलिस शहरासाठी पोर्नविरोधी कायद्याचा जो मसुदा केला, तो दिवाणी होता. नुकसान झालेल्या बाईनं स्वतः दावा लावायचा. बळजबरीनं चित्रीकरण केलं, कुणावर पोर्न लादलं, त्यामुळे हल्ला झाला, किंवा असा माल विकला, तर. हरकत नग्नतेला नव्हती; स्त्रीला लैंगिक चित्रणातून दुय्यम ठरवण्याला होती. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ म्हणजे लिंगभेदच, हे मॅकिनन यांनी १९७९मध्येच मांडलं होतं. तोच युक्तिवाद इथे पुढे नेला.

समजा, एखाद्या दर्जेदार चित्रपटातलं एक उघड लैंगिक दृश्य नटीला धमकावून चित्रित केलंय आणि त्यात तिची विटंबनाच दाखवलीय. मिलरच्या कसोटीवर चित्रपट कलामूल्यामुळे सुटेल. या मसुद्यात तिला दावा लावता येईल. उलट दोन प्रौढांचा राजीखुशीचा, बरोबरीच्या नात्यातला प्रणय कितीही उघड दाखवला तरी हा मसुदा त्याला हात लावत नाही, अश्लीलतेचा कायदा मात्र लावू शकतो.

मिनिआपोलिसच्या महापौरांनी नकाराधिकार वापरला. इंडियानापोलिस शहरानं १९८४मध्ये त्याच धर्तीवर कायदा केला. तिथले महापौर विल्यम हडनट रिपब्लिकन आणि पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक. गोंधळाला खतपाणी मिळालं ते इथूनच. १९८५मध्ये अपील न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी पोर्नमुळे स्त्रियांचं दुय्यमपण टिकतं हे म्हणणं गृहीत धरलं, आणि यातून अभिव्यक्तीची ताकदच दिसते, असं म्हटलं! स्त्रीबद्दलचं कुठलं मत चालेल हे सरकारनं ठरवू नये, हा त्यांचा मुद्दा. १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल कायम केला. लाजेवर उभा असलेला कायदा टिकला, इजेवर उभा असलेला पडला.

नॅन हंटर, सिल्व्हिया लॉ यांच्यासारख्या स्त्रीवादीही विरोधात होत्या: ‘दुय्यम दाखवणं’ म्हणजे काय हे शेवटी ठरवणार कोण? मला हा आक्षेप विक्रीच्या कलमाबाबत पटतो, बळजबरीच्या चित्रीकरणाबाबत नाही. सगळी कलमं एकाच व्याख्येला बांधली नसती, तर बळजबरीचं कलम कदाचित वाचलं असतं.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२च्या बटलर निकालात दोन्हींची सांगड घातली: कायदा अश्लीलतेचा जुनाच, समर्थन मात्र स्त्रियांना होणाऱ्या हानीचं. कस्टम्सचे अधिकारी व्हँकुव्हरच्या एका समलिंगी पुस्तकदुकानाचा माल आधीपासूनच अडवत होते. ते या निकालानंतरही थांबलं नाही, आणि हा भेदभाव होता हे त्याच न्यायालयानं म्हणायला २००० साल उजाडलं.