दाबोळीचे सी हॅरियर आज उडू का शकत नाही : पार्श्वभूमी

हवाई दलाकडे टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही जुनी विमाने उडत्या स्थितीत आहेत, २०१८ पासून डकोटाही आहे. मग ११ मे २०१६ रोजी गोव्यातल्या दाबोळीच्या नौदल तळावर निरोप दिलेल्या सी हॅरियर या सरळ खाली उतरू शकणाऱ्या लढाऊ विमानांपैकी निदान एक तरी नौदलाने उडते का ठेवले नाही, असा प्रश्न वेंगुर्ल्यापासून वास्कोपर्यंत अनेकांच्या मनात येतो. कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या एका पिढीने हे विमान डोक्यावरून जाताना पाहिले आहे, त्यामुळे तो प्रश्न साहजिक आहे. पण २०१६ मध्ये ठरवण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. जे काही ठरायचे ते दहा वर्षे आधीच ठरून गेले होते.

१९७२ मध्ये विक्रांत या विमानवाहू नौकेवर हॅरियरची चाचणी झाली आणि १९८३ च्या डिसेंबरात पहिली सी हॅरियर गोव्यात उतरली. पुढच्या काळात निम्म्याहून अधिक ताफा अपघातांत गेला. विमान कमी झाले की उरलेल्यांवर ताण येतो, एकाचे सुटे भाग काढून दुसऱ्याला लावावे लागतात आणि उडणाऱ्यांची संख्या आणखी घटते.

अशा वेळी, मार्च २००६ मध्ये, ब्रिटनने आपली सुधारित सी हॅरियर सेवेतून काढली. त्यातली शेवटची १९९९ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली होती, म्हणजे जेमतेम सात वर्षांची. भारताने आठपर्यंत विमाने घेण्याचा विचार केला, पण वर्ष संपण्याआधीच तो बारगळला. रडार आणि क्षेपणास्त्र यंत्रणा काढून घेऊनच ती मिळणार होती, आणि ती नव्याने बसवण्याचा खर्च परवडणारा नव्हता. शिवाय मिग-२९के या नव्या लढाऊ विमानांचा करार २००४ मध्येच झाला होता, आणि हातातल्या सी हॅरियरवर इस्रायली रडार बसवायचे घाटत होते. लढाऊ ताकदीच्या हिशेबाने नकार योग्यच होता.

मात्र हा हिशेब अपुरा होता असे माझे स्पष्ट मत आहे. ती विमाने लढाईसाठी न मोजता सुट्या भागांचे कोठार म्हणून मोजायला हवी होती. आपल्या आणि ब्रिटनच्या सुधारित प्रकारांत सगळेच भाग सारखे नव्हते. नाक वेगळे, मागचा सांगाडा थोडा लांब. पण पेगासस इंजिनाचे घराणे एकच होते, पंखांतही बरेचसे साम्य होते. २०११ मध्ये अमेरिकेने ब्रिटनची निवृत्त झालेली ७२ हॅरियर मुख्यतः सुट्या भागांसाठीच विकत घेतली आणि आपला ताफा पुढे चालवला. ती पुढच्या पिढीची विमाने होती, आपल्या उपयोगाची नव्हती. आपल्या पिढीचा साठा २००६ मध्येच हातचा गेला.

या विमानाचा खर्च त्याच्या उतरण्यातच आहे. सरळ खाली उतरताना सगळे वजन इंजिनाच्या जोरावर पेलावे लागते आणि उष्ण हवेत तो जोर कमी पडतो. म्हणून इंजिनात पाणी फवारतात. टाकीतले सुमारे २२७ लिटर पाणी दीड मिनिटात संपते. एप्रिल-मे महिन्यांतल्या गोव्याच्या उकाड्यात याचा अर्थ काय होतो, हे तिथल्या तंत्रज्ञांना सांगायला नको.

त्यात खारा वारा. बाहेरचा गंज दिसतो तरी. पण रिव्हेटखाली आणि पत्र्यांच्या सांध्यात मीठ ओल धरून बसते, आतून अ‍ॅल्युमिनियम फुगते आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. समुद्रावरून आलेले विमान गोड्या पाण्याने धुवायचे आणि गंजरोधक मारायचे, हे सेवेत असताना होते, कारण त्यासाठी माणसे नेमलेली असतात. निवृत्तीनंतर ती माणसे नव्या विमानांकडे जातात. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जुने युंकर्स प्रवासी विमान कोसळून २० जण गेले. चौकशीत कारण वैमानिकांची जोखमीची उड्डाणपद्धत ठरले, पण सांगाड्यात आधी लक्षात न आलेला गंज आणि तडेही सापडले.

पैसा जमला तरी भागत नाही. ब्रिटनमधले व्हल्कन बॉम्बर लोकवर्गणीतून २००७ मध्ये पुन्हा उडाले आणि २०१५ मध्ये थांबले, कारण तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी हात काढून घेतला. याउलट अमेरिकेत एका निवृत्त वैमानिकाने २००७ मध्ये सी हॅरियर खासगी मालकीत उडवून दाखवले, ते तिथले नियम वेगळे असल्यामुळे. आपल्याकडे तशी वाट नाही. शिवाय आसनाखालच्या स्फोटक काडतुसांचीही मुदत ठरलेली असते; ती संपली की संकटात वैमानिकाचे आसन बाहेर फेकले जाण्याची खात्री राहत नाही.

म्हणून आता उड्डाणाची मागणी सोडून इंजिन चालू ठेवण्याची मागणी करावी. ब्रिटनमध्ये स्वयंसेवक जुनी जेट विमाने धावपट्टीवर नुसती पळवतात. ज्याचे इंजिन शाबूत आहे असे एखादे विमान निवडून जूनच्या आत त्याला छप्पर द्यावे, आणि त्या विमानावर काम केलेले तंत्रज्ञ हयात आहेत तोवर दोन-चार तरुणांना त्यांच्या हाताखाली बसवावे.