जीव घाबरते, पण टेन्शन नाई

यवतमाळ जिल्ह्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. बाजाराचा दिवस, त्यामुळे केसपेपरला ही गर्दी. माझ्या पुढे पन्नाशीतले एक काकाजी उभे होते, खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी. आत डॉक्टरनं विचारलं, "काय होते?"

"हातपाय गयते जी. छातीत भरल्यावानी होते. राती दोन वाजता डोया उघडला का मंग लागतच नाई."

"कसलं टेन्शन आहे का?"

"टेन्शन कायचं जी? टेन्शन नाई."

पित्ताच्या गोळ्या आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन काकाजी बाहेर आले. कडुलिंबाखाली बसलो तेव्हा त्यांनी पराटीवरची बोंडअळी, सोसायटीचं थकलेलं कर्ज, पोरीची मोडलेली सोयरीक असं सगळं सांगितलं, तेही तारीखवार. आणि शेवटी म्हणाले, "बाकी काई नाई."

या "बाकी काई नाई"वर, म्हणजे दुखणं सांगणाऱ्या पण भावना न सांगणाऱ्या माणसावर, मानसशास्त्रानं पाऊणशे वर्षं डोकं लावलंय. मात्र सुरुवात झाली ती शेतापासून फार लांब, अमेरिका-युरोपातल्या दवाखान्यांत.

विसाव्या शतकाच्या मध्यावर दमा, अल्सर, रक्तदाब यांच्यामागे मनातला दडपलेला संघर्ष असावा, अशी मांडणी जोरात होती. फ्रान्झ अलेक्झांडर हे त्यातलं मोठं नाव. पण अशा रुग्णांना मनोविश्लेषकांसमोर बसवलं की गाडी अडायची. १९४८ मध्ये युर्गन रुश यांनी नोंदवलं, की शरीराची दुखणी घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांना भावना शब्दांत मांडताच येत नाहीत. १९६३ मध्ये फ्रान्समध्ये पिएर मार्ती आणि मिशेल द म्यूझां यांना असेच रुग्ण भेटले. काय घडलं, कधी घडलं, पुढे काय करायचं, एवढंच ते बोलत. स्वप्नं नाहीत, कल्पना नाहीत, नुसता कामाचा हिशोब. वाचताना मला कडुलिंब आठवला, हे सांगायला नकोच.

नाव मिळालं ते बॉस्टनमध्ये. पीटर सिफनिओस हे जन्मानं ग्रीक मानसोपचारतज्ज्ञ. जॉन नेमाया यांच्यासोबत ते अशा रुग्णांच्या मुलाखती तपासत होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मायबोलीतूनच शब्द घडवला: अलेक्सिथिमिया. 'लेक्सिस' म्हणजे शब्द, 'थायमॉस' म्हणजे भावना, आणि सुरुवातीचा 'अ' आपल्या अबोल, अजाण यांतलाच. भावनांना शब्द नसणं. अबोल्याशी मात्र याची गल्लत नको. अबोला धरणाऱ्याला आपण का रुसलोय ते चांगलं ठाऊक असतं. इथे माणसाला स्वतःलाच उमगत नाही की आत जे चाललंय ते राग आहे, भीती आहे की नुसती भूक.

हेन्री क्रिस्टल यांनी या चित्रात एक महत्त्वाची गोष्ट घातली. ते स्वतः नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले. अशाच वाचलेल्या लोकांवर आणि व्यसनाधीन रुग्णांवर उपचार करताना त्यांना दिसलं, की अतोनात आघातानंतर भावना ओळखण्याची क्षमताच बधिर होऊ शकते. म्हणजे ही जन्मजात खोटच असेल असं नाही, ती जगण्यातूनही येते.

मग मोजपट्टी आली. टोरांटोत ग्रॅम टेलर, मायकल बॅग्बी आणि सहकाऱ्यांनी आधी १९८५ मध्ये आणि मग सुधारून १९९४ मध्ये प्रश्नावली केली. वीस विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ६१ किंवा जास्त भरले तर अलेक्सिथिमिया. भावना ओळखण्यातली अडचण, सांगण्यातली अडचण आणि लक्ष कायम बाहेरच्या गोष्टींवर असणं, असे तिचे तीन भाग. १९९९ मध्ये फिनलंडमधल्या सर्वसाधारण लोकांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे १३ टक्के निघालं: पुरुषांत १७, बायकांत १०. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड लेव्हंट यांनी त्याच दशकात म्हटलं की पुरुषांची ही अडचण बऱ्याच अंशी घडवलेली असते. "पोरगा होऊन रडतं का बे?" हे वाक्य ज्यानं लहानपणी ऐकलंय, त्याला पुरावा देत बसायची गरज नाही.

या प्रश्नावलीचं हिंदी रूप १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण हिंदीत असो की मराठीत, ती गावात घेऊन बसलं की काही ठिकाणी ठेच लागतेच. एक विधान साधारण असं: माझ्या शरीरात असं काही होतं जे डॉक्टरांनाही कळत नाही. आता ज्या गावात डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो आणि तीन मिनिटं बघतो, तिथे 'हो' म्हणणारा माणूस भावनांबद्दल बोलतोय की डॉक्टरबद्दल? दुसरं विधान गंभीर मानसिक नाटकांपेक्षा हलकीफुलकी करमणूक आवडते का, असं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटकाला बसून डोळे पुसणारा आणि तासाभरानं त्याच नाटकातल्या विनोदावर लोटपोट होणारा प्रेक्षक इथे किती गुण मिळवेल, देव जाणे.

खरी गाठ भाषेत आहे. आपलं 'वाटणं' हे क्रियापद बघा. "पाऊस येईल असं वाटतं" आणि "वाईट वाटतं", दोन्हीकडे तेच. विचार कुठे संपला आणि भावना कुठे सुरू झाली, हे मराठी रोजच्या बोलण्यात वेगळं काढून ठेवत नाही. शिवाय आपल्याकडे राग, रडू, कंटाळा हे सगळे येतात, जसा ताप येतो, जसा पाऊस येतो. ते माणसाच्या अंगावर येऊन जातात. आणि वऱ्हाडी बोलीत तर सगळा कारभार 'जीवा'कडे. जीव लागत नाही, जीव घाबरते, जीव खालीवर होते, जीवाले लागलं. यातला जीव म्हणजे मन की शरीर, असं विचारणाऱ्याकडे आमच्याकडची म्हातारी "हा कुठून आला?" अशा नजरेनं बघेल.

ही शंका अभ्यासकांनाही आलीच. चीनच्या हुनान प्रांतात आर्थर क्लाइनमन यांनी 'नसांचा अशक्तपणा' असं निदान झालेले १०० रुग्ण तपासले. १९८२ मध्ये त्यांनी लिहिलं की त्यातल्या ८७ जणांना अमेरिकी निकषांनुसार तीव्र नैराश्य होतं, पण ते डोकेदुखी, झोप, थकवा यांबद्दलच बोलत होते. १९८७ मध्ये माँट्रियलच्या लॉरेन्स किरमायर यांनी थेट अलेक्सिथिमियालाच हात घातला: ही माणसातली उणीव की भावनांबद्दल एका विशिष्ट पद्धतीनं बोलण्याची शहरी, पाश्चात्त्य अपेक्षा? मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मात्र आपल्या देशातला अभ्यास. १९९६ मध्ये बंगळुरूत आर. रघुराम, मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्णांशी सविस्तर बोलून पाहिलं. नैराश्याची लक्षणं जितकी ठळक, तितकी लोक नावं ठेवतील ही भीती जास्त. शारीरिक लक्षणं सांगणाऱ्यांत ती कमी. अंग दुखतं, हे कुणालाही सांगता येतं. मन दुखतं म्हटलं की घरात लग्नाची पोर असते.

म्हणजे काकाजींना शब्द नव्हते असं म्हणणं घाईचं होईल. कदाचित कुठले शब्द कुठे उच्चारायचे, हे त्यांना डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं. पण उलट टोकालाही जाऊ नये. सगळंच संस्कृतीवर ढकललं की खरोखर आतून बधिर झालेला माणूस सुटून जातो. अशी माणसं गावातही असतात. बाप गेला तेव्हा न रडलेला आणि तेव्हापासून रोज पोट दुखतं म्हणणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे लपवायला काही नाही. त्याला खरंच सापडत नाही.

गंमत अशी की प्रयोगशाळाही फिरून शरीराकडेच आली. भावना म्हणजे शरीरातल्या बदलांची जाणीव, असं विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्येच म्हटलं होतं. २०१४ मध्ये फिनलंडच्या लॉरी नुमेनमा यांच्या गटानं फिनलंड, स्वीडन आणि तैवानमधल्या मिळून ७०१ जणांना, कुठली भावना अंगात कुठे जाणवते ते चित्रात रंगवायला सांगितलं. नकाशे बरेच जुळले. दुःखात हातपाय मंद, निर्जीव. आमच्याकडे त्याला 'हातपाय गयते' म्हणतात.

भावना बाहेर काढल्यानं काय होतं, हा याच इतिहासाचा दुसरा धागा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या ढीगभर अभ्यासांत हा परिणाम लहानच ठरला, पण नाहीसा झाला नाही. वही-पेन हा मार्ग सगळ्यांचा नव्हेच. इथल्या बायका पहाटे जात्यावर ओवी म्हणायच्या, सासर-माहेर सगळं त्यात यायचं. गिरणी आली, पीठ बारीक झालं आणि तो पहाटेचा तास गेला. पुरुषांना पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे मोठ्यानं म्हणायची कवनं, होत्या, अजून आहेत. बैलांच्या साक्षीनं सावकाराला, सरकारला, कापसाच्या भावाला शिव्या घालायच्या आणि शेवटी हर हर महादेव. तिथे गावातला सगळ्यात मुका माणूस खणखणीत आवाजात बोलताना मी पाहिलाय. मात्र झडतीत राग चालतो, चिमटा चालतो. भीती चालत नाही.

गेल्या दशकात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, ते उपक्रमानंतर २७.२ टक्के झाले, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतं. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून हे काम केलं होतं. या उपक्रमाच्या पूर्ण इंग्रजी नावात 'स्ट्रेस' आहे आणि 'हेल्थ' आहे. मनोविकार हा शब्द कुठेच नाही.

काकाजी पुढच्या बाजाराला पुन्हा भेटले. गोळ्यांनी फरक पडला का, विचारलं. "पित्त कमी हाये," म्हणाले. मग जरा थांबून, "राती दोन वाजता तुमाले फोन लावला तं चालते का जी?"