मॉन्टेसरी की नर्सरी-केजी : पाटीवरून न कळणारा फरक

डिसेंबर-जानेवारीत प्रवेशाची चौकशी सुरू झाली की कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांपासून ताराबाई पार्क आणि रुईकर कॉलनीपर्यंत 'मॉन्टेसरी', 'प्ले स्कूल', 'नर्सरी', 'प्री-प्रायमरी' अशा पाट्या वाचत फिरणाऱ्या आईबाबांना पडणारा प्रश्न बहुधा असा असतो : आमच्या मुलाला मॉन्टेसरी मानवेल का? या प्रश्नाआधी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते, ते म्हणजे समोरची शाळा खरोखर मॉन्टेसरी आहे का. मॉन्टेसरी हे नाव कोणा एका संस्थेच्या मालकीचे नाही, त्यामुळे ते कोणीही पाटीवर लिहू शकतो. पाटी मॉन्टेसरीची आणि आतला दिवस नर्सरी-केजीचा, अशी स्थिती म्हणूनच सर्रास आढळते.

दोहोंचा उगम वेगळा आहे. किंडरगार्टनची, म्हणजे केजीची, कल्पना जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांची. 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी सुरू केलेल्या कामात गाणी, गटाने खेळायचे खेळ आणि बागकाम यांना मोठे स्थान होते. आपल्याकडच्या केजीत त्यातील गाणी उरली आणि खेळांच्या जागी बहुतेक ठिकाणी वह्या आल्या. मारिया मॉन्टेसरी या इटलीतील डॉक्टर. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसोबत काम करताना फ्रेंच वैद्य इटार आणि सेगँ यांच्या साधनांवरून त्यांनी आपली साधने घडवली आणि 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. ही पद्धत श्रीमंतांच्या किंवा विशेष हुशार मुलांसाठी आहे, हा समज कोल्हापुरातही ऐकू येतो. तिची पहिली मुले मात्र कष्टकऱ्यांची होती. भारतात गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले, 1939 मध्ये स्वतः मॉन्टेसरीबाई मद्रासला आल्या, आणि ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे महागड्या साधनांच्या जागी गावातल्या वस्तू वापरून हेच काम खेड्यातल्या मुलांपर्यंत नेले. त्यामुळे साधने परदेशी लाकडाची नाहीत म्हणून एखादी बालवाडी मॉन्टेसरी नव्हे, असे म्हणता येत नाही.

खरा फरक सकाळच्या रचनेत असतो. नर्सरी-केजीत एकाच वयाची मुले एका वर्गात असतात आणि प्रार्थना, गाणी, अक्षरे, रंगकाम, डबा असा सर्वांना एकच क्रम असतो. एक संपले की ताई दुसरे सुरू करतात. मॉन्टेसरीच्या खोलीत मूल स्वतः बुटक्या मांडणीवरून साधन उचलते, सतरंजी अंथरते, मन भरेपर्यंत काम करते आणि साधन होते त्या जागी ठेवते. हे अडीच ते तीन तास कोणी मोडत नाही. प्रत्येक साधन एकच असल्यामुळे दुसऱ्याचे होईपर्यंत थांबावे लागते. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असतात, आणि तालमीत धाकटी पोरे जशी थोरल्या पठ्ठ्यांचे डाव बघत तयार होतात तशी येथे तीन वर्षांची मुले पाच वर्षांच्यांचे पाहून शिकतात. भेटीला गेल्यावर पालकांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी टाळी वाजून सगळी मुले एकदम उठत असतील, तर मांडणीवर कितीही देखणी साधने असली तरी ती नर्सरी आहे. ते वाईट आहे असे नव्हे. फक्त मॉन्टेसरीच्या नावाने त्याची फी भरण्याचे कारण नाही.

साधनांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण शोभेची मांडणी आणि वापरातली मांडणी यांत पालकांची सर्वाधिक फसगत होते. दट्ट्यांच्या पेटीत दहा दट्टे, म्हणजे मूठ असलेले लाकडी गोल ठोकळे, असतात आणि प्रत्येकाला एकच खाच नेमकी बसते. एक दट्ट्या चुकीच्या जागी गेला की शेवटी एक असा उरतो की जो कोठेच बसत नाही, आणि मूल आपण होऊन पुन्हा सुरुवात करते. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत क्रमाने वाढतात. त्यांचा रंग मुद्दाम एकच ठेवलेला असतो, म्हणजे लक्ष आकारावरच राहते. चूक साधन दाखवते, त्यामुळे ताईंना 'चुकलं' म्हणावे लागत नाही आणि बरोबर केल्याबद्दल हातावर चांदणीही उमटवावी लागत नाही. नर्सरी-केजीत चूक ओळखण्याचे काम ताई करतात आणि शाबासकी हे तेथील मोठे इंधन असते. चांदणीवर वाढलेल्या मुलाला मॉन्टेसरीचे पहिले काही आठवडे कोरडे वाटतात, हे पालकांनी गृहीत धरावे.

या पद्धतीबद्दल दोन उलट तक्रारी कानावर येतात : एक, तेथे मुले मोकाट असतात; दुसरी, तेथे फार शिस्त असते. दोन्हींचे मूळ एकच आहे. काय करायचे हे मूल ठरवते, पण ताईंनी आधी करून दाखवलेल्या साधनांमधूनच. आणि साधन कसे हाताळायचे, दुसऱ्याचे हिसकावायचे नाही, फेकायचे नाही, याबाबत सूट नसते. खोलीभर धावणारी मुले दिसली किंवा सर्व मुले हाताची घडी घालून बसलेली दिसली, तर दोन्ही वेळा काहीतरी बिघडलेले आहे.

लेखनाच्या बाबतीत पालकांची घालमेल सर्वाधिक होते. केजीतील मूल पहिल्या वर्षीच वही भरून आणते. मॉन्टेसरीतील मूल वर्षभर पाणी ओतते, बटणे लावते, दोन बोटांनी खरखरीत (सँडपेपरची) अक्षरे गिरवत त्यांचे ध्वनी म्हणते आणि घरी दाखवायला काहीच आणत नाही. बोटे आधी तयार व्हावीत आणि वाचनाआधी लेखन फुटावे, असा त्यामागचा क्रम आहे. येथे कोल्हापुरातील पालकांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी : मांडणीवर देवनागरीची खरखरीत अक्षरे आहेत का, की केवळ इंग्रजीची? ध्वनीवरून अक्षराकडे जाण्याची ही रीत देवनागरीला इंग्रजीपेक्षा कितीतरी सोपी जाते, आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला ती इंग्रजीतूनच देणे म्हणजे हातातला फायदा सोडून देणे आहे.

गाणी, गोष्टी, नाटुकली, खोटे-खोटे दुकान यांत मात्र चांगली नर्सरी उजवी ठरते. मॉन्टेसरीत खोट्या बशीपेक्षा खरी, फुटू शकणारी बशी धुण्याला महत्त्व असते. ज्या घरात संध्याकाळी भातुकली रंगते किंवा आजी गोष्टी सांगते, तेथील मुलाला ही उणीव जाणवणार नाही. बंद फ्लॅटमध्ये एकट्याने वाढणाऱ्या मुलाला गाण्या-खेळांची नर्सरी अधिक देऊन जाण्याची शक्यता आहे.

संशोधनाचा दाखला द्यायचा तर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड यांच्या दोन अभ्यासांचा देता येईल. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात, अमेरिकेतील मिलवॉकी येथे लॉटरीने मॉन्टेसरीत प्रवेश मिळालेली पाच वर्षांची मुले, लॉटरीत नंबर न लागलेल्या मुलांपेक्षा वाचन, गणित आणि सामाजिक वर्तनाच्या काही चाचण्यांत पुढे आढळली. आपल्या दृष्टीने 2012 चा दुसरा अभ्यास अधिक बोलका आहे : मूळ पद्धत काटेकोरपणे पाळणाऱ्या वर्गांतील मुलांची वर्षभरातील प्रगती, त्यात इतर खेळणी आणि वर्कशीट मिसळणाऱ्या वर्गांतील मुलांपेक्षा अधिक दिसली. अर्धीमुर्धी मॉन्टेसरी निवडण्यापेक्षा मनापासून चालवलेली नर्सरी निवडावी, हे माझे मत त्याच्याशी जुळते.

मग मूल कोणते? एखादे काम लागले की जेवायला हाक मारली तरी न उठणारे, किंवा गर्दीत बुजणारे पण कडेला बसून सर्व टिपणारे मूल मॉन्टेसरीत सहसा लवकर रुळते. चळवळ्या मुलाबद्दल घाईने निर्णय नको, कारण हात गुंतले की अशी अनेक मुले स्थिरावतात, आणि केजीच्या बाकावर त्यांना उलट अधिक त्रास होतो. वय मात्र महत्त्वाचे आहे. तीन वर्षांचे हे चक्र असल्यामुळे अडीच-तीन वर्षांचे असताना घालून सहाव्यापर्यंत ठेवणार असाल तर त्याचा अर्थ आहे. साडेचार-पाचव्या वर्षी एका वर्षापुरते घातलेल्या मुलाच्या वाट्याला थोरला होऊन धाकट्यांना दाखवण्याचे तिसरे वर्ष आधीची दोन न मिळताच येते. बोलणे उशिरा येत असेल किंवा आवाज-स्पर्शाचा त्रास होत असेल, तर शाळेच्या निवडीआधी बालविकासतज्ज्ञांना दाखवावे, आणि दोन्ही ठिकाणी पद्धतीपेक्षा ताई कोण आहेत हे पाहावे.

घरही पाहावे लागते. शाळेत स्वतः बटणे लावणाऱ्या आणि ताटली धुणाऱ्या मुलाला घरी आजी मागे फिरून भरवत असेल, तर त्याला दोन नियमांत जगावे लागते. याचा दोष आजीचा नाही, तिला कोणी समजावून सांगितलेले नसते. प्रवेशाआधी तिलाही शाळा पाहायला सोबत न्यावे.

व्यवहाराचे दोन मुद्दे उरतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला असला, तरी स्वतःचे लहान गट-मोठा गट चालवणाऱ्या शाळांत पहिलीच्या बऱ्याच जागा आतल्याच मुलांनी भरतात. म्हणून स्वतंत्र मॉन्टेसरीत घालताना, तेथून सहाव्या वर्षी बाहेर पडणारी मुले कोणत्या शाळांत जातात हे आधीच विचारून घ्यावे. दुसरा मुद्दा अंतराचा. पावसाळ्यात शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत भरलेल्या रिक्षातून रोज जाणारे तीन वर्षांचे मूल पोहोचेपर्यंतच दमलेले असते, आणि तसे असेल तर घराजवळच्या बऱ्या बालवाडीला मी पसंती देईन.